बाबांच्या कपाळावरची टिकली

माझे बाबा पाटबंधारे खात्यात कारकून होते आणि रोज संध्याकाळी साडेसहाला कपाळावर टिकली लावायचे. आईच्या पाकिटातली, लाल, मध्यम आकाराची. त्याआधी आमच्या अकोल्याच्या सरकारी क्वार्टरची समोरची खिडकी लावून घ्यायचे, कारण शेजारचे साहेब नेमके त्याच वेळी कुंड्यांना पाणी घालत. मग माझ्यासमोर मांडी घालून बसायचे, दोन भुवयांच्या मधोमध टिकली चिकटवायचे आणि तिच्यावर बोट ठेवून म्हणायचे, "अठी पाह्य. अठीच पाह्य, आन सांग, आज शाळेत काय झालं?"

मी सात वर्षांची होते. समोरच्याच्या डोळ्यांत पाहिलं की मला तो काय बोलतो ते ऐकूच यायचं नाही. डोळे सारखे हलतात, ओले असतात, आणि आपल्याकडून काहीतरी मागत असतात. टिकली हलत नव्हती आणि काही मागत नव्हती. तिच्याकडे पाहून मी बोलू शकत होते. आई स्वयंपाकघरातून डोकावून म्हणायची, "माह्यापेक्षा तुमालेच शोभते जी." बाबा हसायचे नाहीत. हा अर्धा तास त्यांनी माझी दहावी होईपर्यंत क्वचितच चुकवला. पुढे खऱ्या टिकलीची गरज उरली नाही. कोणाच्याही भुवयांमध्ये मला ती आपोआप दिसायला लागली, आणि लोक म्हणायला लागले, पोरगी कशी डोळ्याला डोळा देऊन बोलते.

मला स्वमग्नता, म्हणजे ऑटिझम, आहे हे मला तेहतिसाव्या वर्षी कळलं. तोवर तीन नोकऱ्या धरून सोडल्या होत्या. एका शाळेचं ग्रंथालय, एक पतसंस्था, एका दवाखान्याची फायलींची खोली. कामात चूक नसायची. पण दुपारी डबे उघडले, सगळे एकदम बोलायला लागले, वर पंखा खडखडायला लागला, की मी उठून जिन्याखाली जाऊन बसायची, आणि एक दिवस तिथून थेट घरी यायची ती परत न जाण्यासाठीच. शेवटी अकोल्याच्याच एका मानसोपचारतज्ज्ञांनी दोन-तीन बैठका घेऊन काय ते सांगितलं. बाबांनी विचारलं, "म्हणजे आजार नाई ना?" डॉक्टर म्हणाले, आजार नाही, जन्मापासूनची ठेवण आहे. बाबा इतके खूश झाले की बाहेर पडल्यावर त्यांनी मला दोन ग्लास उसाचा रस पाजला.

पुढच्या वर्षी आई गेली. आम्ही अमरावतीला बाबांनी बांधलेल्या दोन खोल्यांच्या घरात राहायला आलो. तिथे एका चाचांची छापखान्याची मशीन आहे. लग्नाच्या पत्रिका छापतात, मराठी, हिंदी, उर्दू. मराठी पत्रिकांची मुद्रितं मी घरी बसून तपासते. छापखान्याचा आवाज मला सोसत नाही म्हणून गठ्ठा आणायचं आणि पोचवायचं काम बाबांचं. माझं लग्न जमलं नाही, पण निम्म्या शहराच्या लग्नातल्या ऱ्हस्व-दीर्घाची काळजी मी घेतली आहे. त्यातून मिळतं ते भाजीपाल्यापुरतं. घर बाबांच्या पेन्शनवर चालतं.

आणि बाबा चौऱ्याहत्तर वर्षांचे झाले होते. पेन्शनरांच्या कट्ट्यावर त्यांना कोणीतरी सांगितलं की अपंग अपत्याला वडिलांमागे कुटुंब निवृत्तीवेतन जन्मभर चालू राहतं, फक्त सरकारी दवाखान्यातल्या मंडळाचं प्रमाणपत्र पाहिजे, आणि ते वडिलांच्या हयातीतच कागदांना जोडलेलं बरं. लग्न न झालेल्या मुलीला तसंही मिळतं का, असं बाबांनी कचेरीत विचारलं तर तीन टेबलांनी तीन उत्तरं दिली. तेव्हा प्रमाणपत्र काढायचं ठरलं. 'अपंग' या शब्दाचं मला काही वाटलं नाही. शब्द मी दिवसभर तपासते. चुकीचा नसला की पुढे जाते. बाबांना मात्र तो उच्चारायला जड जायचा. ते म्हणायचे, "तुया त्या कागदाचं पाहू." पण रोज म्हणायचे. "माहं आता काही खरं नाई. तुयं नाव चढलं म्हणजे मी सुटलो."

अर्ज ऑनलाइन भरला. तपासणीची तारीख आली. आणि त्या दिवशी आम्ही जी चूक केली ती आमच्याच घरात होऊ शकते.

अकोल्याहून आत्या आदल्या दिवशीच आली. ही माझी तीच आत्या, जिच्या घरी दहा वर्षं मला पाहायला स्थळं येत होती. अकरा वेळा मी तिच्या बैठकीत पोह्यांचा ट्रे घेऊन गेले. कसं चालायचं, कुठे बसायचं, किती हसायचं हे तिने पाठ करून घेतलं होतं, आणि पाठांतरात मी कच्ची नाही. अर्ध्या तासाच्या बैठकीत मी पास व्हायची. गाडी अडायची ती दुसऱ्या भेटीत. एकदा मुलाच्या आईने कुकर लावता येतो का विचारलं, तेव्हा मी सांगितलं, "लावता येतो, पण शिट्टी व्हायच्या आत मी गल्लीच्या टोकाला जाते." ते लोक चहा न पिता गेले.

तर आत्या आली आणि तिने पिशवीतून इस्त्री केलेला आकाशी ड्रेस काढला. "साह्यबासमोर जाचं आहे. मानसासारखं दिसलं पाहिजे." अर्जाला फोटोसुद्धा तिनेच दिला होता, स्थळांना पाठवायला स्टुडिओत काढलेला, मान किंचित तिरपी. सकाळी तिने माझी वेणी घातली. बाबांनी, जन्मभर साहेबांपुढे फायली नेलेल्या माणसाने, मला खुर्चीवर बसवून तयारी करून घेतली. "नीट बसजो. विचारलं तेवढंच सांगजो. कपाळाकडे पाहजो, माहीत आहे ना?" मला माहीत होतं. आमच्यापैकी कोणाच्या डोक्यात आलं नाही की आज नापास व्हायला चाललो आहोत. आम्ही तिघंही पास व्हायला निघालो होतो.

तपासणाऱ्या डॉक्टरांच्या भुवया जाड आणि जोडलेल्या होत्या. टिकली कुठे ठेवावी या विचारात मी थोडी अडले, मग ठेवली. नाव, शिक्षण, आजचा वार, सगळं सांगितलं. हात मांडीवर, पाय जुळवलेले. मग त्यांनी बाबांना विचारलं.

"लोकांत मिसळते का?"

"हाव जी. सगळ्याइशी चांगली आहे."

"चिडचिड? आरडाओरडा?"

"नाई जी, गरीब आहे. भल्ली हुशार आहे. प्रेसचं काम करते."

"घरातलं करते?"

"सगळं येते जी तिले."

आत्या दारातून मान हलवत होती. बाबांचा चेहरा मी कधी नीट वाचू शकत नाही, पण आवाज मला कळतो, आणि तो आवाज स्थळांसमोरचा होता. खोटं बोलत असल्याचं त्यात काहीच नव्हतं. बाहेर आल्यावर आत्या म्हणाली, "मस्त बोलली पोट्टी."

घरी आल्यावर मी न्हाणीघरात गेले आणि कडी लावली. चांगलं दिसण्याचं काम मला करता येतं, पण त्याची वसुली नंतर होते. अंगावरचं कापड टोचायला लागतं, भांडं वाजलं तरी डोक्यात घण बसतो, तोंडातून शब्द येत नाहीत. त्या वेळी ते तीन दिवस चाललं. ते मी इथे जास्त लिहिणार नाही.

काही आठवड्यांनी उत्तर आलं: निकषात बसत नाही. डॉक्टरांची चूक नव्हती. आम्ही जे दाखवलं ते त्यांनी पाहिलं. बाबा तो कागद घेऊन ओसरीवर बसले, आणि थोड्या वेळाने मला म्हणाले, "वाचून दाखव बरं पुन्हा." त्या दिवसांत ते सगळंच मला वाचायला लावत. सकाळचा पेपरसुद्धा. "तुया आवाजाले सराव होते," म्हणायचे, आणि मला ते खरं वाटायचं, कारण माझ्याकडून काही ना काही सराव करून घेणं हे त्यांचं कामच होतं. मी चार वेळा वाचून दाखवला. 'निकषात बसत नाही.' एखाद्या पोराने नापासाची गुणपत्रिका आणावी तशी मीच ती आणली होती असं मला वाटलं, आणि ते चांगलंच लागलं.

पुन्हा अर्ज करता येतो असं कळलं. मधल्या महिन्यांत बाबा उंबऱ्याला दोनदा अडखळले. एकदा छापखान्यातून उर्दू पत्रिकांचा गठ्ठा उचलून आणला. मला ठरल्या वेळी ठरलेलं काम मिळालं नाही की माझा ताबा सुटतो. "तुमाले दिसत नाई का?" मी इतक्या मोठ्याने ओरडले की शेजारच्या काकू बाहेर आल्या. बाबा म्हणाले, "वयाच्या मानानं दिसते," आणि त्याच उन्हात गठ्ठा परत करायला गेले. चाचांनी त्यांना पाणी पाजून रिक्षाने घरी पाठवलं.

दुसरी तारीख आली तेव्हा आत्याने फोनवरून नवा सल्ला दिला. या वेळी वेणी नको. ड्रेस नको. बोलायचं नाही. बाबांनी फोन ठेवला आणि पुन्हा मला खुर्चीवर बसवलं. तीच खुर्ची, तेच समोर बसणं.

"या खेपेले वर पाहू नको. खालीच पाहजो. विचारलं तं लवकर सांगू नको."

मी त्यांच्या भुवयांच्या मधेच पाहत राहिले.

"पाह्य बरं खाली. हां. तसंच."

माझा राग मला आधी कानात ऐकू येतो. मी उठले आणि खुर्ची आडवी पाडली. "तीस वर्षं वर पाहाले शिकवलं, आन आता खाली पाहाले शिकवता? मले खोटं नाई करता येत, बाबा!"

"मंग याच्या आधी काय करत होती?" बाबा म्हणाले. ओरडून नाही, खरंच विचारल्यासारखं. मी खुर्ची उचलून जागेवर ठेवली.

या खेपेला तपासायला एक तरुण डॉक्टर मॅडम होत्या. खोलीत मी, बाबा आणि त्या. वर ट्यूबलाइट गुणगुणत होती. त्यांनी ती आधी बंद केली आणि खिडकी उघडली, आणि मला विचारलं, "आज इथे येताना काय सांगून आणलंय घरून?" बहुतेक त्या सगळ्यांनाच हे सहज म्हणून विचारत असाव्यात. पण मला प्रश्न विचारला की मी उत्तर देते.

"बाबांनी सांगितलंय की तुमच्याकडे बघायचं नाही, आणि उत्तरं उशिरा द्यायची."

मॅडमनी पेन खाली ठेवलं. कागद गेला, हे मला तेव्हा कळलं. बाबांची शेवटची इच्छा म्हणावी अशी एकच गोष्ट होती, आणि ती मी एका वाक्यात घालवली होती.

"काका, हे खरं आहे?"

"खरं आहे जी," बाबा म्हणाले. त्यांचे हात टोपी चुरगळत होते. "माही चूक आहे. तिले काही म्हणू नका. मागच्या खेपेलेबी मीच चुकीचं सांगतलं. पोरगी पाहाले येनाऱ्या लोकाइले दहा वर्षं जे सांगत होतो, तेच डॉक्टरले सांगतलं. तोंडात तेच बसलं होतं."

"मग खरं काय आहे, ते सांगा."

बाबांनी टोपी मांडीवर ठेवली. मग जे सांगायला लागले ते थांबलेच नाहीत.

"आमच्या घरी कुकर नाई मॅडम. हिची माय गेल्यापासून मी पातेल्यात भात लावतो. दारावरची बेल काढून टाकली. शेजारचे विचारतात पोरगी काय करते, तं सांगतो, स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करून राहिली. कित्येक वर्षं झाली, आता तेबी विचारत नाईत. घराबाहेर ती एकटी जात नाई. मागच्या वेळी अठून घरी गेलो तं न्हाणीत जाऊन बसली, तीन दिवस. डोकं भिंतीवर मारते. कडी मी बाहेरून पट्टीनं काढतो आन मधात उशी धरतो. हात नाई लावत. हात लावला का तिले भाजते. मंग ती निजली का मी दाराशी बसून राहतो. हे मी कोनालेच सांगतलं नाई. माह्या बहिनीलेबी नाई."

मला वाटत होतं त्यांनी थांबावं. माझी लाज निघत होती, आणि ती काढणारे माझे बाबा होते. मग राग आला, कारण उशीचं मला माहीतच नव्हतं. त्या वेळचं मला नीट आठवत नाही. भिंत मऊ लागली होती एवढंच आठवतं. मी लपवते आहे असं मी समजत होते, आणि ते माझ्यापासूनच लपवून माझ्यासाठी जागत होते. मला त्या खोलीत रडायचं होतं, पण मला वेळेवर रडता येत नाही.

"आणि डोळ्यांत बघायचं कोणी शिकवलं तिला?" मॅडमनी विचारलं.

"डोयात ती कधीच पाहत नाई जी. अठी पाहते." बाबांनी भुवयांच्या मध्ये बोट ठेवलं आणि त्यांना टिकलीची गोष्ट सांगितली. खिडकी लावायचे तेसुद्धा सांगितलं. "लोकाइत टिकावी म्हणून केलं. चांगलं केलं का वाईट, तुमीच सांगा आता."

मॅडमनी ते लिहून घेतलं. त्या मला म्हणाल्या, "तुम्हाला हवं तिकडे बघा." आणि पुष्कळ वेळ खूप प्रश्न विचारले. शेवटी, कागद आवरताना, सहज विचारावं तसं म्हणाल्या, "म्हणजे वडिलांच्या डोळ्यांत तुम्ही कधीच पाहिलं नाही?"

"नाही," मी म्हणाले. "त्यांच्या कपाळावर मला टिकली अजून दिसते."

प्रमाणपत्र महिन्याभराने हातात आलं. हव्या त्या टक्केवारीच्या बरंच वर. बाबांनी आत्याला फोन लावून आकडा सांगितला, माझा दहावीचा निकाल सांगितला होता त्याच आवाजात, आणि मधेच फोन माझ्याकडे दिला. मग ओसरीवर उजेडात बसून त्यांनी तो कागद हातात घेतला, जवळ नेला, लांब धरला, आणि अंगठा फिरवत म्हणाले, "फोटो चांगला आला वं तुया."

अंगठा फोटोवर नव्हता. शिक्क्यावर होता.

मॅडमचा तो प्रश्न माझ्या डोक्यात महिनाभर अडकून बसला होता. अर्धवट राहिलेला प्रश्न मला सोसत नाही. मी बाबांच्या समोर खाली बसले, टिकलीच्या जागेवरून नजर काढली आणि खाली उतरवली. तापलेल्या तव्यावर बोट टेकवल्यासारखं झालं. पण मी पाहिलं. डाव्या डोळ्याचं बुबुळ मधोमध पांढरं होतं, साय धरल्यासारखं. उजवं धुरकट. असा डोळा एका दिवसात होत नाही. घरात आम्ही दोघंच, आणि त्या डोळ्यांकडे पाहायला माझ्याशिवाय कोणी नव्हतं.

"बाबा, कवापासून दिसत नाई?"

"दिसते ना. थोडं थोडं दिसते."

"कवापासून?"

"दोन वर्षं झाले असतीन. ऑपरेशन म्हणलं का महिनाभर घरात बसा लागते. म्हणलं, आधी तुयं होऊ दे."

उर्दू पत्रिकांच्या दिवशी मी काय ओरडले होते ते मला आठवलं. ते शब्द आता परत घेता येत नाहीत. छापून गेलेल्या पत्रिकेतली चूक असते तसं ते आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी कानांत कापूस घातला, ओढणी घट्ट गुंडाळली आणि बाबांना घेऊन त्याच सरकारी दवाखान्यात गेले. बाबांना पायऱ्या दिसेनात. मी म्हटलं, "खांद्यावर हात ठेवा." ते म्हणाले, "तुले भाजते ना." मी म्हटलं, "ठेवा." त्यांनी ठेवला, आणि भाजलंच. केसपेपरच्या रांगेत आमच्यापुढे चाळीसेक माणसं होती. एक लेकरू रडत होतं, कोणीतरी फोनवर भांडत होतं. माझे दात एकमेकांवर घट्ट बसले होते. मनात भीतीही होती: इथल्या कोणी मला ओळखलं, तर म्हणेल, हिला तर सगळं जमतं. जमत नव्हतं. नंतरचे चार दिवस कुठे जाणार हे मला माहीत होतं, आणि या वेळी उशी धरणाऱ्याला दिसत नव्हतं.

आमचा नंबर आला. खिडकीतल्या माणसाने बाबांचं नाव, वय लिहिलं आणि मान वर न करता विचारलं, "पेशंटसोबत कोण आहे?"

मी खिडकीच्या गजाकडे पाहत सांगितलं, "मी आहे. मुलगी."